सही करण्याआधी वही दाखवा

पत्राचा गोषवारा : बेळगावच्या शहापूर भागात गेली वीसेक वर्षं फोटो-व्हिडिओ स्टुडिओ चालवणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र आहे. तरुणपणी कोल्हापुरात दोन-तीन सिनेमांना कॅमेरा सहायक म्हणून काम केलं, मग घरच्या जबाबदारीपायी बेळगावला परतले आणि लग्नाच्या कामात रुळले. आता खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडची चार-पाच मुलं संध्याकाळी त्यांच्या स्टुडिओत जमतात. मुलं त्यांना अण्णा म्हणतात. लग्नाच्या शूटला बरोबर जातात, एडिटिंग शिकतात. जेवणाचं आणि पेट्रोलचं अण्णा बघतात. त्यांतल्या एकाच्या अठरा मिनिटांच्या लघुपटाला गेल्या वर्षी एका महोत्सवात बक्षीस मिळालं. आता त्याला पूर्ण लांबीचा मराठी सिनेमा करायचाय. अंदाज १८ लाखांचा. वडील शेत तारण ठेवून सोसायटीतून १२ लाख उचलायला तयार झालेत. उरलेले ६ लाख 'काम सुरू झालं की उभे राहतील' असं मुलाचं म्हणणं. धाकट्या बहिणीचं लग्न पुढच्या वर्षावर आलंय. सोसायटीला जामीनदार हवेत आणि त्यांतली एक सही अण्णांची हवी आहे.

पत्राचा शेवट त्यांच्याच शब्दांत : "पैशाचं काढलं की पोरांचे चेहरे उतरतात. आणि मी तरी कुठल्या तोंडानं सांगू? मी जन्मभर लग्नंच काढली. आम्हाला इकडचे विचारत नाहीत, तिकडचे विचारत नाहीत. एक पोरगं पुढं जातंय तर मी आडवा येऊ का? सही करू का?"

नमस्कार अण्णा,

सही करू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण मी लांबलचक काहीतरी लिहीन आणि तेवढ्यात सोसायटीचा माणूस कागद घेऊन दारात उभा राहील.

आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे 'नुसती सही'. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२८ वं कलम तसं मानत नाही. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराच्या मागे लागतील, त्याच्याकडून काहीच निघालं नाही तर मग तुमच्याकडे येतील, असा क्रम तिथं नाही. पहिली नोटीस थेट तुमच्या स्टुडिओच्या पत्त्यावर येऊ शकते. आणि नोटीस आली नाही तरी दुसरं एक नुकसान आजच होतं : ज्या दिवशी तुम्ही जामीन राहाल, त्या दिवसापासून तुमचा सल्ला त्या मुलाला ऐकू येणं बंद होईल. तुम्ही म्हणाल, हा सीन काढून टाक, खर्चिक आहे. तो समजेल, अण्णांना स्वतःच्या पैशाची काळजी पडलीय. बारा लाखांचा दुसरा जामीनदार मिळेलही. खरं बोलणारा जाणता माणूस त्याला त्या चार गल्ल्यांत दुसरा मिळायचा नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मला जरा वाद घालायचाय. "मी जन्मभर लग्नंच काढली." त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलाय की बुकिंगला एक तृतीयांश पैसे घेता, हळदीच्या दिवशी आणखी एक तृतीयांश, आणि बाकी आल्याशिवाय अल्बम आणि पेन ड्राइव्ह हातात देत नाही. अण्णा, सिनेमाचे अभ्यासक्रम करून आलेली कितीतरी पोरं मी पाहतो. लेन्सवर तासभर बोलतील. पण काम संपवून, फाइल पाठवून, मग सहा महिने 'सर, पेमेंटचं बघा की' असे मेसेज करत बसलेली असतात. फाइल एकदा गेली की हातात काही उरत नाही, हे तुम्हाला कधी कळलं असेल ते असो, पण कळलंय. हे त्यांना कोण सांगणार? तुमच्याजवळ सिनेमाचा अनुभव कमी असेल, पण कॅमेऱ्यावर घर चालवण्याचा अनुभव आहे, आणि त्या मुलांना नेमका तोच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : भाषण देऊ नका, वही दाखवा. गेल्या दोन वर्षांची खातेवही टेबलावर उघडा आणि मुलांनाच बेरजा करू द्या. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत किती आलं. त्यातून जादा कॅमेरामनला किती गेलं, अल्बम छपाईला किती, हार्ड डिस्कला किती, लेन्सला बुरशी आली तेव्हा किती. चातुर्मासात स्टुडिओचं भाडं आणि लाइट बिल कशातून भरलं. कुणाची बाकी अजून यायची आहे आणि कोण सरळ बुडवून गेला, तेही. लाजू नका. पैशाचं काढलं की चेहरे उतरतात असं तुम्ही लिहिता. ते उतरतात कारण मोठी माणसं पैशाचं बोलतात तेव्हा बहुतेक वेळा 'नाद सोड' एवढंच सांगायचं असतं. आकडे समोर ठेवून बोललं की ती नाराजी टिकत नाही. पोरं हुशार आहेत, मोबाइलवर गणित करायला लागतील.

मग त्या अठरा लाखांचं गणितही त्यांच्याकडूनच करून घ्या. सोपं जावं म्हणून जीएसटी वजा जाता तिकिटाचे १०० रुपये उरतात असं धरा. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा सिनेमावाल्यांच्या बाजूला येतो, पुढे दर आठवड्याला तो घटत जातो. म्हणजे ५०. त्यातून वितरकाचं कमिशन समजा १५ टक्के, उरले साडेबेचाळीस. १८ लाख भागिले साडेबेचाळीस : बेचाळीस हजारांहून जास्त माणसांनी तिकीट काढलं पाहिजे, तेही पहिल्याच आठवड्यात, आणि तेव्हा कुठे मुद्दल सुटेल. यात पोस्टर नाही, जाहिरात नाही, डिजिटल प्रक्षेपणासाठी स्क्रीनमागे द्यावी लागणारी व्हीपीएफ नावाची फी नाही, आणि सोसायटीचं व्याज तर नाहीच. ओटीटीवाले घेतील असं तो म्हणेल. त्याला विचारा, कोण, किती देतो, आणि आधी देतो की नंतर? बऱ्याच ठिकाणी छोट्या सिनेमाला आगाऊ रक्कम मिळत नाही, किती वेळ बघितला गेला त्यावर पैसे येतात. अनुदान मिळेल म्हणेल. महाराष्ट्र शासनाचं मराठी चित्रपटांचं अनुदान सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, समितीनं बघून दर्जा दिल्यावर मिळतं. तो पैसा आला तर आनंदच, पण शूटिंगच्या जेवणावळीला तो उपयोगाचा नाही. यूट्यूबवर टाकू म्हणेल. तिथं जाहिरातीचा वाटा सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं.

हे सगळं ऐकवून त्याला घरी पाठवायचं नाही. सिनेमा स्वतःचा खर्च पहिल्या फटक्यात काढेल हे गृहीतच काढून टाकायचंय. स्वतंत्र सिनेमा करणारी बहुतेक माणसं सिनेमावर जगत नाहीत. ती सिनेमाच्या हत्यारांवर जगतात : कुणी एडिट करतं, कुणी साउंड, कुणी कंपन्यांच्या फिल्मा, कुणी शिकवतं. त्यातून वाचलेल्या वेळात आणि पैशात आपला सिनेमा करतात. त्यात कमीपणा नाही. कमीपणा कर्ज फेडता न आल्यामुळे कॅमेरा विकण्यात आहे.

इथं एक अवघड गोष्ट बोलतो, रागावू नका. मुलं तुमच्याबरोबर लग्नाला येतात, दिवसभर राबतात, आणि तुम्ही जेवण आणि पेट्रोल देता. तुमच्या मनात शिकवण्याचीच भावना आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मुलं त्यातून काय शिकतायत? की आपल्या एका दिवसाची किंमत जेवण आणि पेट्रोल. उद्या एखादा बिल्डर म्हणेल, 'पैसे नाहीत, पण तुमचं नाव होईल,' तेव्हा त्यांना ते विचित्र वाटणार नाही. (नाव होईल म्हणणाऱ्याला एकदा विचारून बघा, तो स्वतःच्या गवंड्याला काय देतो.) म्हणून पहिलं काम तुमच्या बाजूनं. पहिली दोन-तीन लग्नं शिकाऊ म्हणून चालतील, तेही आधी तसं सांगून. त्यानंतर दिवसाची मजुरी ठरवा, थोडी का असेना, आणि पाकिटात घालून नव्हे, तर वहीत लिहून, सही घेऊन द्या. पैशाच्या व्यवहाराचा पहिला धडा त्यांना तुमच्याकडून पैसे घेताना मिळू दे.

दुसरा धडा म्हणजे स्वतःचा दर काढणं. यात जवळजवळ सगळीच पोरं चुकतात, कारण दर काढताना शेजारच्या स्टुडिओकडे बघतात, स्वतःच्या घरखर्चाकडे बघत नाहीत. समजा मुलाला घरी द्यायला आणि स्वतःला महिना ३० हजार लागतात. वर्षाचे ३ लाख ६० हजार. कॅमेरा-लेन्स चार-पाच वर्षांत जुने होतात, त्यांची झीज वर्षाला ६० हजार धरा. कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, इंटरनेट, गाडी, विमा मिळून आणखी ६० हजार. झाले ४ लाख ८० हजार. आता वर्षात पैसे मिळणारे दिवस किती? तीनशे नव्हेत. भेटीगाठी, कोटेशन, पाऊस, आजारपण, रिकामे महिने वजा जाता १२० मिळाले तरी खूप. म्हणजे दिवसाला चार हजार, तेही फक्त त्याच्या अंगमेहनतीचे. लाइट आणि मदतनीस वेगळे. आणि हीच मुलं दीड हजारात दिवस विकून येतात आणि खूष असतात, हे तुम्ही पाहिलं असेलच.

काम कुठून येईल? लग्नं आहेतच, पण त्यांतली गर्दी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. वडगावला माग आहेत. चिक्कोडी-हुक्केरीकडे साखर कारखाने, निपाणीला तंबाखू आणि गूळ, खानापूरला कुंभारकाम आणि कौलं. दवाखाने आणि कॉलेजं तर गावागावात झाली. या सगळ्यांना दोन-तीन मिनिटांची फिल्म लागते : परदेशातल्या गिऱ्हाईकाला दाखवायला, नव्या कामगाराला मशिन समजवायला, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना. आणि इथं आपल्या पोरांकडे एक गोष्ट आहे जी पुण्याच्या पोरांकडे नाही. ती मराठीत विचार करतात, कन्नड समजतात, हिंदी बोलतात. कारखान्यातला बराचसा कामगारवर्ग कन्नड बोलणारा असतो. एकच फिल्म मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन आवाजांत द्यायची आणि प्रत्येक भाषेचे वेगळे पैसे लावायचे. ज्या मुलाचं कन्नड वाचन कच्चं आहे त्यानं ते पक्कं करावं. राजकारण आपल्या जागी राहू दे, हा रोजगाराचा प्रश्न आहे.

अशा एका कामाचं कोटेशन त्यांना समोर बसवून लिहायला लावा. फाउंड्रीची तीन मिनिटांची फिल्म धरा. नुसतं 'फिल्म : ४० हजार' असं लिहायचं नाही. एक दिवस कारखाना बघायला. दोन दिवस शूट. कॅमेरा घरचा असला तरी त्याचं भाडं लावायचं, नाहीतर पुढचा कॅमेरा कुठून येणार? लाइट, दोन मदतनीस, त्यांचं जेवण, डिझेल. भट्टीजवळ शूट असेल तर उष्णतेनं एखादं फिल्टर किंवा वायर जाते, ती तरतूद. एडिटचे चार दिवस. मराठी आवाज, कन्नड आवाज. दुरुस्त्या दोन वेळा यातच, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे. हे वाक्य नसलं तर मालकाचा मेहुणा, मालकाचा सीए आणि मालकाची मुलगी असे तिघं तीन महिने बदल सुचवत राहतील. ४० टक्के ऑर्डरबरोबर, ४० शूट संपल्यावर, २० शेवटची फाइल देण्याआधी. तोपर्यंत जी प्रत दाखवायची तिच्यावर मधोमध नाव टाकलेलं. ही तुमचीच अल्बमची रीत आहे, फक्त कागदावर आलेली.

त्या कागदावर दोन ओळी कायद्याच्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेली फिल्म, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीची होते. म्हणजे मुलानं ती आपल्या कामाचा नमुना म्हणून यूट्यूबवर टाकली आणि मालक बिथरला तर मालकाची बाजू भक्कम. 'कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची आम्हाला मुभा राहील' एवढं आधीच लिहून घ्यायचं. उलट, मुलांची स्वतःची कथा-पटकथा कुणी मागितली, तर ती तोंडी देऊन बसायचं नाही. हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जातच नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. मुंबईच्या कुणी 'सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे' असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी तुमच्याकडे घेऊन यायचं, असा नियमच करा. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन ऑनलाइन नोंदवता येते. कथा कुणाची आणि कधीची हे दाखवायला तेवढा पुरावा बरा.

वसुलीसाठी एक चांगली सोय आहे, तिचा इथं फार कमी लोक वापर करतात. प्रत्येक मुलानं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी. फुकट आहे, आधारवर ऑनलाइन होते, त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांच्या वर रखडवता येत नाहीत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांच्या वर. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत उलटून मार्चअखेरपर्यंत थकलेली रक्कम त्या कंपनीला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. व्याजाची धमकी द्यायची नाही, गिऱ्हाईक तुटेल. बिलावर नुसता उद्यम क्रमांक छापायचा. कारखान्याच्या अकाउंटंटला त्याचा अर्थ माहीत असतो, आणि मार्च जवळ आला की तो स्वतःच फोन करतो.

कराचं थोडक्यात. कंपनी बिलातून आधीच कर (टीडीएस) कापते तो पैसा बुडालेला नसतो, रिटर्न भरलं की हिशेबात येतो. दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक, पटकथाकार अशा मंडळींना वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून सोपं रिटर्न भरता येतं. जमा २० लाखांच्या खाली असेपर्यंत सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तीन वर्षं रिटर्न भरलं तर कॅमेऱ्यासाठी बँक मुलाच्या नावावर कर्ज देऊ शकते, वडिलांच्या शेताचा उतारा मागेलच असं नाही. ड्रोन असेल तर कॅम्पकडे आणि सांबऱ्याच्या बाजूला उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघायचा. लष्कर आणि विमानतळ या दोघांच्या हद्दीत 'माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

आता 'इकडचे विचारत नाहीत, तिकडचे विचारत नाहीत' याबद्दल. यात खोटं काही नाही. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम देण्याचा २०१५ चा निर्णय महाराष्ट्रातला, तो बेळगावच्या थिएटरला लागू नाही. कर्नाटकाचं अनुदान मुख्यतः कन्नड सिनेमासाठी. पण या तक्रारीचा एक तोटा आहे. ती खरी असल्यामुळे तिच्यापलीकडे बघायचं राहून जातं. कोल्हापूर तुम्हाला परकं नाही, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय तिथंच आहे. सिनेमाचं नाव नोंदवण्याआधी आणि निर्मिती संस्थेचा पत्ता कुठला दाखवायचा हे ठरवण्याआधी एकदा तिथं जाऊन या. अनुदानाच्या अटी पटकथा लिहिण्याआधी वाचायच्या, नंतर नाही. चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथं २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि २००७ पासून त्याच्या जोडीला फिल्म बाजार, आता वेव्हज फिल्म बाजार म्हणतात. सहनिर्मिती शोधणाऱ्यांना आणि अर्धवट झालेल्या सिनेमांना तिथं वेगवेगळे विभाग आहेत. मुंबईची पोरं विमानानं येतात, आपली पोरं जांबोटी-कणकुंबी मार्गे बसनं जाऊ शकतात. पहिल्या वर्षी नुसतं प्रतिनिधी म्हणून इफ्फीला जावं, कान उघडे ठेवून. आणि बेंगळुरूला इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आहे, कलेतल्या प्रयोगांना आणि संशोधनाला अनुदान देणारी. अर्ज इंग्रजीतच पाहिजे असा तिचा आग्रह नाही. वडगावच्या मागांवर किंवा जत्रेतल्या हौशी नाटकांवर एखादा माहितीपट सुचत असेल तर तो तिथं मांडण्यासारखा आहे.

प्रेक्षकही दूर नाही. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांना माणसं येऊन बसतात. गावच्या जत्रेत वर्गणी काढून नाटक करणारा हा भाग आहे. तिथं लघुपट का नाही दाखवायचा? सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते ऑनलाइन अर्जानं मिळतं, तेवढं आधी करून घ्यावं. दर महिन्याला शेकडो 'विजेते' जाहीर करणाऱ्या ऑनलाइन महोत्सवांना प्रवेश फी भरण्यापेक्षा तो खर्च बरा. त्या महोत्सवांचं पोट फीवरच भरतं.

राहिला मुलाचा सिनेमा. तो करूच नये असं मी म्हणत नाही. आपल्याकडची एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही : खानापूरच्या जंगलपट्ट्यात जून ते सप्टेंबर कॅमेरा बाहेर काढता येत नाही, आणि पाऊस सरून स्वच्छ ऊन पडलं की लग्नसराई लागते. शूटिंगला हवे ते दिवस आणि पोट भरायचे दिवस एकच. मधे पौष येतो. त्यात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, हवा कोरडी, पहाटे धुकं, सुगी बहुतेक उरकलेली, गावातली माणसं मोकळी. मुलाला म्हणावं, चातुर्मासात पटकथा घट्ट कर. येत्या पौषात पूर्ण सिनेमा नको, त्यातली वीस मिनिटं काढ, जी बघून परक्या माणसाला पुढचं बघावंसं वाटेल. पैसे किती घालायचे? बुडाले तर घरातल्या कुणाचंही काही अडणार नाही तेवढेच. बहिणीचं लग्न पुढच्या वर्षी आहे हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तो आकडा बारा लाख नाही हे उघड आहे. ती वीस मिनिटं चांगली झाली तर ती घेऊन गोव्याला, पुण्याला, कुठल्याही निर्मात्याकडे जाता येतं. बरी झाली नाहीत तर ते एका पौषात कळलं, शेत गेल्यावर नाही.

वडिलांना मात्र तुम्ही एकट्यानं भेटू नका. मुलाला बरोबर घ्या आणि बेचाळीस हजार माणसांचं गणित त्यालाच मांडू द्या, आईसमोर आणि बहिणीसमोरही. तुम्ही मांडलंत तर तुम्ही आडवे आलात असं होईल. त्यानं मांडलं तर तो हिशेब कळलेला मुलगा ठरेल, आणि मग वडील त्याला थोडे पैसे आपणहून देतीलही. सोसायटीच्या सहीबद्दल तिथंच स्पष्ट सांगा : "मी जामीन राहणार नाही. कॅमेरा, लाइट आणि एडिटचं मशिन पौषभर देतो."

आणि ते देताना साधा कागद करा. कॅमेरा भाड्यानं दिलाय, उसना दिलाय की भागीदारी म्हणून. भागीदारी असेल तर किती टक्के आणि कशातले. कॅमेरा पडला तर दुरुस्ती कुणी करायची. वीस मिनिटं पुढे कुणी विकत घेतली तर मालकी कुणाची. बाकीची मुलं फुकट काम करणार असतील तर त्यांचा वाटा काय, हेही त्यातच. एक प्रत मुलाकडे, एक तुमच्याकडे, दोन्हींवर तारखेसह सह्या. ही सही तुम्ही जरूर करा.